शस्त्रक्रियेनंतर अठराव्या दिवशी ताप आणि छातीत दुखणे : निदान नेमके कसे करतात?

पैलतीर
माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मापासून मोठे छिद्र होते. छिद्राच्या कडा अपुऱ्या असल्यामुळे ते पायातून नळी घालून बंद करता येणार नाही असे ठरले आणि छाती उघडून, तिच्याच हृदयावरणाचा तुकडा लावून ते बंद करण्यात आले. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो, आणि पुढचे दहा-अकरा दिवस ती इतकी छान होती की तिला धावण्यापासून अडवणे हेच आमचे मुख्य काम होऊन बसले होते.

अठराव्या दिवशी दुपारी तिला १०१.२ ताप आला. संध्याकाळी जवळच्या डॉक्टरांनी घसा लाल आहे म्हणून अँटिबायोटिकचे पातळ औषध दिले. रात्री मात्र ती आडवी व्हायलाच तयार होईना. मांडीवर उशी घेऊन, त्या उशीवर कोपर टेकून ती पुढे वाकून बसली की रडणे थांबायचे. पाठीवर निजवले की लगेच ‘इथे टोचतंय’ म्हणायची. बोट मात्र छातीला न लावता पोटाच्या अगदी वरच्या टोकाला लावायची. पहाटे दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटले, औषधाने पोट बिघडले.

सकाळी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात नेले, तेव्हा तिथल्या निवासी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘अँटिबायोटिकचे किती डोस गेले?’ दोन गेले होते. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर हृदयाभोवती ११ मिलिमीटर पाणी दिसले, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) ९६ आला, वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन वेळा ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) घेतले गेले आणि अँटिबायोटिक थांबवून आयब्युप्रोफेन सुरू झाले. आज दुसरा दिवस आहे. मूल थोडे शांत झाले आहे, परंतु डॉक्टर निदानाचे नाव घ्यायला अजून तयार नाहीत. ‘बहुतेक हृदयावरणाची सूज आहे, पण संसर्ग नाही याची खात्री व्हायला हवी’ एवढेच सांगतात. एकीकडे ताप असताना अँटिबायोटिक बंद, दुसरीकडे दर बारा तासांनी इको, यामागचा विचार मला समजून घ्यायचा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

लब्डब
मी लहान मुलांच्या हृदयविकारांवर उपचार करतो. आपल्या मुलीला मी तपासलेले नाही, त्यामुळे तिच्याबाबतीत तिथल्या डॉक्टरांचाच शब्द अंतिम मानावा. त्यांचा विचार कोणत्या वाटेने चालला असेल, ते मात्र सांगता येईल.

अशा मुलासमोर उभे राहिल्यावर मी पहिली गोष्ट मोजतो ती तापाचा आकडा नव्हे, तर शस्त्रक्रियेपासूनचे दिवस. पहिल्या दोन-तीन दिवसांतला ताप बहुधा हार्ट-लंग मशीनमुळे अंगभर उठलेल्या दाहाचा किंवा फुप्फुसाचा एखादा भाग नीट न फुगल्याचा असतो. पुढच्या दहा-बारा दिवसांत जखम, गळ्यातली किंवा जांघेतली सलाइनची नळी, लघवीची नळी, न्यूमोनिया यांच्यावर संशय जातो. पहिला आठवडा उलटल्यापासून साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे मूल घरी जाऊन हिंडू-फिरू लागल्यावर येणारा जो ताप असतो, त्यात ‘पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम’ हे नाव यादीत वर येते. शस्त्रक्रियेत हृदयावरण उघडावे लागते. त्याच्या जखमी पेशींविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा काही दिवसांनी खवळते आणि हृदयावरणाला व बरेचदा फुप्फुसावरणालाही सूज येऊन पाणी धरते. यात जंतू नसतो. दोन वर्षांखालील मुलांत हा प्रकार फारसा दिसत नाही, आणि आपल्या मुलीवर झालेली छिद्र बंद करण्याची शस्त्रक्रिया ही तो हमखास आठवावा अशी आहे. ‘सगळ्यांत सोपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरच तो जास्त वेळा भेटावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

निदानासाठी पाच गोष्टी पाहतात : दुसरे कारण न सापडलेला ताप; श्वास घेताना किंवा आडवे होताना वाढणारी छातीतली कळ; स्टेथोस्कोपमधून येणारा घर्षणाचा आवाज; हृदयाभोवतीचे पाणी; आणि फुप्फुसाभोवतीचे पाणी व त्याच्या जोडीला वाढलेला सीआरपी. यांपैकी दोन असल्या तरी निदान धरतात. पण पहिल्या अटीतले शब्द पुन्हा वाचावेत : ‘दुसरे कारण न सापडलेला’. ते कारण शोधल्याशिवाय ‘सापडले नाही’ असे म्हणता येत नाही. आपले डॉक्टर नाव घ्यायला कचरतात ते यामुळे, आणि तो कचरण्याचा गुण चांगला आहे.

मुलीने बोट पोटाकडे का नेले, हेही सांगतो. हृदयावरणाचा तळ श्वासपटलाला चिकटलेला असतो, त्यामुळे तिथली वेदना मुलांना पोटाच्या वरच्या भागात किंवा खांद्याच्या टोकाशी जाणवू शकते. पाठीवर निजल्यावर ती वाढते, पुढे वाकून बसल्यावर कमी होते. आपण वर्णन केलेली मांडीवरची उशी हीच अर्धी तपासणी होती. याउलट छातीच्या मधल्या हाडाचे किंवा बरगडीच्या सांध्याचे दुखणे बोटाने दाबले की नेमके त्याच जागी दुखते, आणि त्याच्या जोडीला ताप नसतो.

तिरकी रेघ
प्रश्न कडवट वाटल्यास क्षमस्व. मुलांना वर्षातून पाच-सहा वेळा ताप येतोच. हृदयाची शस्त्रक्रिया झाली म्हणून त्यांना सर्दी-खोकला व्हायचा थांबत नाही. अशा प्रत्येक तापाला इको, तीन कल्चर आणि रुग्णालयात मुक्काम हवाच का? धागालेखिकेच्या डॉक्टरांना घसा लाल दिसला होता, म्हणजे कारण समोरच होते.

लब्डब
प्रश्न रास्त आहे. वर्षभरानंतर, नाक वाहत असलेल्या आणि खेळत असलेल्या मुलाच्या तापाला मी इको करणार नाही. पहिल्या सहा आठवड्यांत मात्र ताप आणि छातीतले दुखणे एकत्र आले, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूने त्याच दिवशी तपासावे या मताचा मी आहे. इकोला दहा-पंधरा मिनिटे लागतात, त्यात क्ष-किरण नसतात आणि सुई टोचावी लागत नाही. ताप चढलेल्या आणि तासभर रडलेल्या मुलाचा घसा बहुतेक वेळा लालच दिसतो. त्यावरून छातीतली कळ समजावता येत नाही. कारण म्हणून जे पुढे केले जाते, त्यात सगळी लक्षणे बसतात का, हे पाहावे लागते. इथे पुढे वाकून बसणे त्यात बसत नव्हते.

दर बारा तासांनी इको कशासाठी, याचेही उत्तर इथेच देतो. हृदयाभोवती किती पाणी आहे यापेक्षा ते किती वेगाने वाढते आहे, याला महत्त्व अधिक. हृदयावरण हळूहळू ताणले गेले तर बरेच पाणी सामावून घेते. तेच पाणी झपाट्याने साठले तर थोडक्यातही हृदयाला आवळते. याला टॅम्पोनाड म्हणतात. इकोत आम्ही मिलिमीटर मोजतो खरे, पण डोळा असतो उजव्या बाजूच्या कप्प्यांच्या भिंतीवर : हृदय सैलावत असताना ती भिंत आत दबते आहे का, आणि यकृतामागून हृदयाकडे जाणारी मोठी नीला श्वासाबरोबर आक्रसते की फुगलेलीच राहते. पाणी कधी कधी हृदयाच्या मागे एखाद्या कप्प्यात कोंडलेले असते, तेव्हा समोरून पाहिलेला इको फसवतो. शस्त्रक्रियेनंतर थोडे पाणी अनेक मुलांत असतेच, त्यामुळे एकाच इकोवर फार बोलता येत नाही. दोन इकोंमधला फरक बोलतो.

आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक पालकाने जपून ठेवावी. टॅम्पोनाडकडे निघालेले मूल पुष्कळदा छाती धरून येत नाही. ते उलट्या करते, पोट दुखते म्हणते, मलूल होते, हातपाय गार पडतात, कारण हृदयात शिरू न शकलेले रक्त यकृतात आणि पोटात तुंबते. पोट बिघडले म्हणून त्याला घरीच पाणी पाजत बसण्याची चूक शहाण्यासुरत्या माणसांकडूनही होते. शस्त्रक्रियेला काही आठवडेच झालेल्या मुलाला वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर इकोत हृदय मोकळे दिसेपर्यंत मी तिला पोटाची उलटी मानत नाही.

पैलतीर
हे वाचून अंगावर काटा आला. पहाटेच्या दोन उलट्यांना आम्ही औषधाच्या माथी मारून मोकळे झालो होतो.

काल संध्याकाळी डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा बांधून अगदी सावकाश हवा सोडत तीन-चार वेळा मोजले. यंत्र शेजारी असताना ते हाताने का मोजत होते?

लब्डब
श्वास आत घेताना वरचा रक्तदाब थोडा उतरतो, हे नैसर्गिक आहे. तो १० मिलिमीटरपेक्षा अधिक उतरत असेल, तर हृदय आवळले जात असल्याची ती खूण असते. यंत्र एक सरासरी आकडा दाखवून मोकळे होते. हा उतार कानाने पकडावा लागतो. पट्ट्यातली हवा सोडताना ठोके आधी फक्त श्वास बाहेर सोडताना ऐकू येतात, मग सतत येऊ लागतात. या दोन क्षणांमधले अंतर म्हणजे तो उतार. रडणाऱ्या मुलात हे मोजणे जवळजवळ अशक्य असते. आपल्या डॉक्टरांना तीन-चार वेळा मोजावे लागले ते बहुधा म्हणूनच.

काचपट्टी
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. अँटिबायोटिक बंद करण्यामागचे कारण आमच्या बाजूने सांगते.

रक्तात जंतू आहे का, हे कळण्याचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून जंतू वाढतो का ते पाहणे. अँटिबायोटिकचे एक-दोन डोस रोग बरा करायला पुरत नाहीत, पण बाटलीतली वाढ दडपायला अनेकदा पुरतात. मग अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो आणि त्याचे दोन अर्थ होतात : जंतू नव्हताच, किंवा होता पण अर्धमेला होता. धागालेखिकेच्या डॉक्टरांची कोंडी नेमकी ही आहे. मूल रक्तदाब उतरून कोसळत असेल, तर कल्चर घेऊन तत्काळ अँटिबायोटिक सुरू करतात, निकालाची वाट पाहत नाहीत. पण मूल स्थिर असेल, तर औषध थांबवून पुन्हा कल्चर घेणे आणि लक्ष ठेवणे हा धाडसाचा नव्हे, विचाराचा निर्णय असतो.

तीन वेळा आणि तीन जागांहून का, तेही सांगते. त्वचेवर स्टॅफिलोकोकस कुळातले निरुपद्रवी जंतू असतात, ते सुईबरोबर बाटलीत येऊ शकतात. तीनपैकी एकाच बाटलीत आणि तेही उशिरा हा जंतू वाढला, तर आम्ही सहसा त्याला त्वचेवरचा पाहुणा समजतो. तिन्हींत वाढला तर तो रक्तातला. अडचण अशी की ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप, नळी किंवा पॅच (छिद्र बुजवायला लावलेला तुकडा) आहे त्यांच्या हृदयाच्या आतील अस्तराचा संसर्ग, म्हणजे एंडोकार्डायटिस, हाच ‘निरुपद्रवी’ जंतू घडवू शकतो. त्यामुळे अशा मुलाचा अहवाल कळवताना मी नुसता कागद पाठवत नाही, दूरध्वनी करून किती बाटल्यांत आणि किती तासांनी वाढ झाली तेही सांगते. खऱ्या संसर्गातले बहुतेक जंतू दोन-तीन दिवसांत दिसू लागतात. बाटल्या आम्ही साधारण पाच दिवस यंत्रात ठेवतो. आणि कृपया, बाळाचे रक्त नीट निघत नाही म्हणून बाटलीत चार थेंब घालून पाठवू नये. त्या चार थेंबांवरून आलेल्या ‘वाढ नाही’ला आम्हीच फारसे मानत नाही.

तिरकी रेघ
मग सीआरपी ९६ आला त्याचे काय? एवढा वाढलेला आकडा संसर्गाचाच नसतो का?

काचपट्टी
नाही. सीआरपी दाह आहे एवढेच सांगतो, तो कुणी पेटवला ते सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर तो सगळ्यांचाच चढतो, दोन-तीन दिवसांत टोकाला जातो आणि मग उतरत जातो. उतरलेला आकडा पुन्हा चढला तर काहीतरी नवे घडते आहे, इतपत अनुमान काढता येते. हृदयावरणाच्या सुजेतही तो शंभराच्या घरात जाऊ शकतो. प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तातले आणखी एक माप वाढलेले असेल तर माप जिवाणूंच्या बाजूला थोडे झुकते, पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत तेही आपोआप वाढलेले असते. पांढऱ्या पेशी दोन्हींत वाढतात. केवळ रक्ताच्या आकड्यांवरून या दोन आजारांना वेगळे करता आले असते, तर हा धागा निघालाच नसता.

रात्रपाळी
मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काम करते. इको आणि कल्चरच्या चर्चेत जखम मागे पडू नये म्हणून लिहिते आहे.

ताप आलेल्या मुलाचा सदरा वर करून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आणि ती घाईत राहून जाते. टाक्यांच्या रेषेभोवती लाली पसरते आहे का, कोपऱ्यातून पाणी किंवा पू येतो का, स्पर्शाला कढत लागते का, हे पाहावे. छातीचे मधले हाड तारांनी बांधलेले असते; त्याखाली संसर्ग झाला तर हाडाचे दोन भाग एकमेकांवर सरकू लागतात. मूल खोकत असताना हाडावर तळहात सपाट ठेवला तर टकटक जाणवते, कधी ऐकूही येते. हाडामागच्या पोकळीतला संसर्ग बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उघड होतो, आणि वरची कातडी सुरुवातीला अगदी निरोगी दिसू शकते. चिडचिड, न उतरणारा ताप आणि उचलताना होणारा आकांत एवढेच हाती असते. लहान बाळाला काखेत धरून उचलले की ते किंचाळते, तेव्हा ‘लाडावले आहे’ असे म्हणण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

घरी असताना पालकांनी काय टिपावे, हे मी रजा देताना कागदावर लिहून देते. ताप आकड्यात आणि वेळेसह लिहावा. ‘अंग कोमट होते’ याचा आम्हाला उपयोग होत नाही. पॅरासिटामॉल देण्याआधी मोजावा. श्वास झोपेत, पूर्ण एक मिनिट मोजावेत. जखमेचा रोज एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढावा. पाचव्या आणि नवव्या दिवसाचे फोटो शेजारी ठेवले की जे डोळ्याला रोज कळत नाही ते एकदम दिसते. मूल कसे झोपते, हेही लिहावे. हा शेवटचा रकाना मी स्वतः घातला आहे, एका मुलाच्या आजीने ‘चार रात्री खांद्यावरच झोपला’ असे सहज बोलून गेल्यावर. ओठ निळसर दिसणे, श्वासाची धाप, घेरी, राखाडी पडलेला चेहरा, गार हातपाय, थांबत नसलेल्या उलट्या यांपैकी काहीही असेल तर वहीत लिहीत न बसता निघावे.

उंबरठा
मी या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे, म्हणून लिहितो. माझ्या मुलाच्या हृदयात लहानपणी फुप्फुसाकडे जाणाऱ्या मार्गावर झडप असलेली कृत्रिम नळी बसवली होती. ती बसवून तीन वर्षे झाली होती, तेव्हा त्याला बारीक ताप येऊ लागला. शंभराच्या आसपास, संध्याकाळी, घाम येऊन उतरणारा. छातीत अधूनमधून कळ, भूक कमी, वजन दोन किलोंनी उतरलेले. दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून तीन वेगवेगळी अँटिबायोटिके झाली. प्रत्येक वेळी ताप चार-पाच दिवस थांबायचा, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो, आणि तो परत यायचा. एकाही ठिकाणी कल्चर घेतले गेले नाही. आम्हीही ते मागितले नाही, कारण मागायचे असते हे ठाऊक नव्हते.

अखेर त्याच्या हृदयतज्ज्ञांनी सगळी औषधे थांबवून काही दिवसांच्या अंतराने कल्चर घेतली. तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या एका जातीची वाढ झाली. छातीवरून केलेल्या इकोत काहीच दिसले नव्हते. कृत्रिम नळीच्या सावलीमुळे तसे होऊ शकते, असे आम्हाला सांगण्यात आले, आणि पुढे पेट स्कॅनमध्ये (दाह असलेली जागा उजळून दाखवणाऱ्या तपासणीत) ती नळी उजळलेली दिसली. सहा आठवडे शिरेतून औषध घ्यावे लागले. छातीतली कळ फुप्फुसात गेलेल्या बारीक गुठळ्यांची होती. दाढ किडलेली होती, हे मागाहून कळले.

धागालेखिकेच्या मुलीची गोष्ट याहून फार वेगळी आहे, हे मला समजते. तरीही ‘ताप उतरला म्हणजे निदान बरोबर होते’ हा समज किती महाग पडू शकतो, ते सांगावेसे वाटले.

लब्डब
उंबरठा यांचा अनुभव फार मोलाचा आहे. एंडोकार्डायटिसचे निदान ड्यूक निकषांनी करतात. ते १९९४ मध्ये मांडले गेले आणि २००० व २०२३ मध्ये सुधारले गेले. त्यांत कल्चर आणि हृदयाचे चित्रण हे दोन मुख्य खांब आहेत, आणि बाहेरून दिलेल्या अर्धवट अँटिबायोटिकने पहिला खांबच पोखरला जातो. इकोत जंतूंची गाठ दिसली नाही म्हणून तो आजार नाही असे होत नाही; संशय टिकला तर काही दिवसांनी पुन्हा पाहावे लागते, मोठ्या मुलांत अन्ननलिकेतून इको करावा लागतो.

पैलतीर यांच्या मुलीत मात्र पारडे दुसऱ्या बाजूला आहे. वरच्या पडद्यातल्या छिद्रातून वाहणाऱ्या रक्ताला जोर कमी असतो, त्यामुळे अस्तराला इजा फारशी होत नाही आणि तिथे हा संसर्ग विरळाच. पॅचही तिच्याच शरीरातला आहे. शंकेला जागा उरते ती मुख्यतः रुग्णालयातल्या नळ्यांमुळे.

राहिलेल्या शक्यता थोडक्यात : न्यूमोनिया आणि फुप्फुसाभोवतीचे पाणी क्ष-किरणात व सोनोग्राफीत कळतात. फुप्फुसात गुठळी जाणे मुलांत विरळ, पण फॉन्टन शस्त्रक्रिया (हृदयाचा खालचा एकच कप्पा कामाचा असलेल्या मुलांवर करतात ती) झालेल्या किंवा मोठ्या शिरेत बरेच दिवस नळी असलेल्या मुलात ऑक्सिजन उतरला तर ती आठवावी. डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्तचाचणी) शस्त्रक्रियेनंतर एरवीही वाढलेले असल्याने तिथे ते उपयोगी पडत नाही, सीटी अँजिओग्राफी लागते. ईसीजीवर हृदयावरणाच्या सुजेच्या खुणा दिसतात, मात्र ताज्या शस्त्रक्रियेनंतर ईसीजी आधीच बदललेला असतो, म्हणून जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय तो वाचू नये.

आणि निदानाची एवढी काथ्याकूट कशासाठी, तर उपचार एकमेकांच्या उलट आहेत म्हणून. हृदयावरणाची सूज आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी शमते, काहींना कोल्चिसिन हे दाह कमी करणारे औषध जोडावे लागते आणि हट्टी सुजेला स्टेरॉइड. आत दडलेल्या संसर्गावर स्टेरॉइड दिले, तर ताप उतरेल, चेहरा खुलेल आणि संसर्ग आत पसरत राहील.

तिरकी रेघ
पटले. घशाचा मुद्दा मी मागे घेतो. एक शंका उरली आहे : आयब्युप्रोफेनने ताप आणि दुखणे दोन्ही कमी होणारच, मग ते लागू पडले यावरून निदान पक्के झाले असे कसे म्हणायचे?

लब्डब
म्हणायचेच नाही. लागू पडण्याचा अर्थ पाणी आणि सीआरपी यांवरून लावायचा. वेदनाशामकाने ताप काही तासांत उतरतो, त्यात नवल नाही. कल्चर निर्जंतुक असताना, अँटिबायोटिक नसताना सीआरपी उतरू लागला आणि पुढच्या काही दिवसांत पाणी आटत गेले, तर निदान पक्के होत जाते. जाता जाता सावधगिरीचा एक शब्द : शस्त्रक्रियेनंतर अनेक मुलांना लघवी वाढवणारे औषध चालू असते, त्याच्या जोडीला आयब्युप्रोफेन म्हणजे मूत्रपिंडांवर ताण. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका. घरातल्या कपाटातून हे औषध काढून स्वतःहून देऊ नये. ॲस्पिरिनही नको, फ्लू किंवा कांजिण्या असलेल्या मुलात त्याने राय सिंड्रोम (मेंदू व यकृताचा गंभीर आजार) होऊ शकतो.

जुने टिपण
या आजाराचा इतिहासही याच घोळातून गेला आहे, म्हणून थोडी भर घालतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हृदयाच्या डाव्या बाजूची आकुंचलेली माइट्रल झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया रूढ होऊ लागल्यावर काही रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आणि छातीत दुखणे सुरू होई. बहुतेकांची झडप संधिवाताच्या तापानेच बिघडलेली असल्यामुळे तोच ताप उलटला, असे तेव्हा मानत. पुढे ज्यांना हा ताप कधी झालाच नव्हता, अशा जन्मजात दोष असलेल्या रुग्णांतही शस्त्रक्रियेनंतर तेच चित्र दिसले, आणि १९५८ मध्ये हृदयावरण उघडण्याशी त्याचा संबंध जोडणारे नाव आले. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, ड्रेसलर या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या अशाच दुखण्याचे वर्णन केले होते. पहिले दिसलेले कारण डॉक्टरांच्या संपूर्ण पिढीला पटले होते. तेव्हा लाल घशाने एखाद्याला फसवले, यात फार दोष देण्यासारखे नाही.

पैलतीर
सर्वांचे मनापासून आभार. आज सहावा दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी १४ मिलिमीटरपर्यंत वाढले होते. उजव्या कप्प्याची भिंत दबत नाही, असे डॉक्टरांनी इको चालू असतानाच मला पडद्यावर दाखवले. या धाग्यामुळे मी काय पाहते आहे ते मला कळत होते. तरीही सुई घालून पाणी काढण्याची तयारी करून ठेवली होती आणि तिला रात्रभर अतिदक्षता विभागात ठेवले. चौथ्या दिवशी पाणी १२, काल ७. सीआरपी ९६ वरून ३१ वर आला आहे. तिन्ही कल्चर पाच दिवसांनंतर निर्जंतुक आली, आणि औषध थांबवल्यानंतर घेतलेले चौथेही तीन दिवस कोरे आहे. फुप्फुसाभोवती डाव्या बाजूला थोडे पाणी होते, तेही आटते आहे. काल फेरीच्या वेळी डॉक्टरांनी प्रथमच आजाराचे नाव घेतले आणि कागदावर लिहिले.

जवळच्या डॉक्टरांना मी दूरध्वनी केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शस्त्रक्रियेची तारीख विचारायला हवी होती, असे स्वतःच म्हणाले. खरे सांगायचे तर ती मीही सांगितली नव्हती. सदरा घातलेल्या मुलीचा घसा दाखवला, एवढेच.

काल रात्री ती पाठीवर झोपली. एक शेवटचा प्रश्न : औषध बंद केल्यावर हे पुन्हा उलटते का?

लब्डब
थोड्या मुलांत उलटते, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, आणि औषध घाईने थांबवले तर अधिक. म्हणून बरे वाटताच बंद न करता सीआरपी सामान्य होईपर्यंत चालू ठेवून मग मात्रा हळूहळू उतरवतात. घरी गेल्यावर आठवड्याभरात एक इको आणि औषध थांबवल्यावर आणखी एक, एवढे मागून घ्यावे. शाळा आणि खेळ कधी सुरू करायचे, ते त्या दुसऱ्या इकोनंतर ठरवा.

रात्रपाळी
आणि झोपेचा रकाना चालू ठेवा. कालच्या तारखेसमोर ‘पाठीवर’ असे लिहिले असेलच.

पैलतीर
लिहिले आहे. वेळेसह.